हरकत नाही

मला नकाशा वाचता येत नाही. हे मी काही अभिमानाने सांगत नाही. पण लपवण्यातही अर्थ नाही, कारण शाळेपासून ते जगजाहीर आहे. सातवीच्या परीक्षेत मी गोदावरी सरळ पश्चिमेकडे वळवून अरबी समुद्राला मिळवली होती. नाशिकपासून तोच समुद्र जवळ पडतो, असा माझा साधा हिशेब. गुरुजींनी पेपर हातात देताना एवढंच विचारलं, "नदीला विचारलं होतंस का रे?" वर्ग हसला. मीही हसलो. त्या एका प्रश्नात नगररचनेचं अर्धं शास्त्र आहे, हे कळायला पुढे पन्नास वर्षं जावी लागली आणि मामांचं खाचर पिवळं व्हावं लागलं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे. राहणार मावळात, लोणावळा आणि कामशेतच्या मधल्या एका गावी. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे जेवायला जायचं असतं. काही वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. पलीकडचा माणूस डोंगराच्या पल्याड उभा आहे, अशा आवाजात मामा फोनवर बोलतात.

"आरं, वढ्याकडचं खाचर पिवळं झालंय! ताबडतोब ये!"

भात पिवळं पडलं की काय करतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे आमच्या शेजारच्या निवृत्त कृषी अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना विचारून मी म्हणालो, "मामा, थोडा युरिया टाका."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "कागदावं टाकू व्हय?"

लोणावळा लोकल पकडून गेलो, तेव्हा उलगडा झाला. गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. नकाशा भिंतीवर लागला होता आणि त्यासमोर, गणपतीच्या आरासीसमोर असते तशी गर्दी. आराखड्यात प्रत्येक रंगाला अर्थ असतो. पिवळा म्हणजे राहण्याची जागा, जांभळा म्हणजे कारखाने, लाल म्हणजे शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा. मामांच्या खाचरावर हिरव्याचा पिवळा झाला होता. माझा मामेभाऊ सुरेश आनंदाने फुलला होता. "दादा, पिवळं म्हणजे सोनं! गुंठ्याचा भाव काय होईल, आहे कल्पना?" मला कल्पना नव्हती. मामी नुसतीच हसत होती. मामा मात्र ओसरीवर तोंड पाडून बसलेले.

"समदं खरं," ते म्हणाले. "पर वढा कुटं गेला?"

ओढा नकाशावर नव्हताच. मामांच्या घरामागून वाहणारा, पावसाळ्यात रात्री झोपू न देणारा ओढा कागदावर कुठेच दिसेना. एका ठिकाणी निळा पट्टा पाहून मामांना क्षणभर हायसं वाटलं होतं. पण तो निळा पाण्याचा नव्हे, दुकानांचा निघाला. पाण्याला निळा आणि व्यापारालाही निळा. फरक फक्त छटेचा. पाण्याचा व्यापार कधी सुरू झाला याचा इतिहास लिहिणाऱ्याने या छटेपासून सुरुवात करायला हरकत नाही.

नकाशाखाली एक सूचना चिकटवली होती: आराखड्यावर नागरिकांकडून मुदतीत लेखी हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. मामांनी मला बोलावलं होतं ते हा अर्ज लिहायला. भाचा पुण्यात राहतो, चष्मा लावतो, म्हणजे त्याला अर्ज येतो, असा त्यांचा समज. मी अर्ज लिहायच्या आधी इतिहास वाचायला बसलो. कामाला हात घालायचा नसला की मी नेहमी इतिहास वाचतो.

आधी शब्दच घ्या. हरकत हा मुळात अरबी शब्द. त्याचा अर्थ हालचाल. गवयाच्या गळ्यातली हरकत त्या अर्थाच्या जवळची. आपण मात्र तिचा अर्थ अडथळा असा करून टाकला. हलणाऱ्या गोष्टीचा अडथळा करण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

जमिनीबद्दल लोकांना विचारायची पद्धत इंग्रजांनी आणली, असा माझा समज होता. तो खोटा निघाला. शिवकाळात आणि त्याच्याही आधी, दोन गावांचा शिवेवरून तंटा झाला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आजूबाजूच्या गावचे लोक जमत. साक्षी होत, निवाडा होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. महजराखाली पाटलाच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी. बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या धंद्यातल्या हत्याराची. वाद अगदीच मिटेना तर जाणता माणूस शपथ घेऊन शीव चालत जाई. तो जिथून चालला, ती शीव. हा मान बहुतेकदा महार वतनदाराकडे असे, कारण शिवेचा दगड न् दगड त्याला पाठ.

हे सगळं रामराज्य होतं असं नव्हे. ज्याला गावाची शीव पाठ, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. आणि बायकांना सभेत कोणी विचारत नसे; पाणी मात्र त्यांनीच भरायचं. पण एक गोष्ट महजरात सरळ होती. आधी माणसं जमायची, मग कागद व्हायचा. पुढे हा क्रम उलटला. आधी कागद होऊ लागला आणि मग माणसं जमू लागली. तीही कागद आपल्या दारात येऊन उभा राहिल्यावर.

लोणावळ्याचंच पाहा. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. घाट चढून आलेल्या इंजिनाला तहान लागणार, म्हणून रेल्वेने भुशीला पाणी अडवलं. मुंबईच्या साहेबांना आणि शेठजींना उन्हाळ्यात उकडतं, म्हणून बंगले उठले. १८७७ मध्ये नगरपालिकाही आली. लोणावळा असं कोणी नकाशा काढून वसवलेलं नाही. इंजिनाची तहान आणि मुंबईकरांचा घाम या दोन गोष्टींवर ते उभं राहिलं. कोळशाची इंजिनं गेली. भुशीच्या पायऱ्यांवर आता पावसाळ्यात हजारो माणसं बसून भिजतात आणि भाजलेली कणसं खातात. पायऱ्यांचा हा उपयोग रेल्वेच्या कुठल्याही साहेबाला सुचला नसता. लोकांचा सहभाग म्हणतात तो असा. लोकांना नाही विचारलं, तर ते न विचारता सहभागी होतात.

मग टाटांची धरणं आली. लोणावळा, वळवण, शिरवटा. १९१५ पासून मावळातलं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून वीज करू लागलं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जायच्या, त्यांना काय विचारलं? १८९४ चा भूसंपादन कायदा उघडून पाहिला. मूळ कायद्यात तुम्ही भावाबद्दल भांडू शकत होता. 'जमीनच देत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. ताटात काय वाढणार हे ठरलेलं. मीठ किती, एवढंच तुमच्या हाती.

शेजारच्या मुळशी पेट्याने ते मीठसुद्धा नाकारलं. १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढारी सेनापती बापट, घोषणा 'जान किंवा जमीन'. लोक तुरुंगात गेले, दंड भरले, आणि धरण झालंच. पण त्याच सुमाराची एक नोंद मला सापडली. १९२३ मध्ये भूसंपादन कायद्यात ५-अ हे कलम नव्याने घातलं गेलं: हरकत घेण्याचा आणि ती सांगताना ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. म्हणजे या कायद्यात हरकतीला जागा मिळायला एकोणतीस वर्षं लागली. ऐकून घेणं बंधनकारक झालं, ऐकणं नाही. हा फरक लग्न झालेल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

याच काळात आपल्या मुलखात एक अजब माणूस हिंडत होता. पॅट्रिक गेडिस त्याचं नाव. स्कॉटलंडचा, मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आणि दाढी एखाद्या ऋषीची. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला. त्याच सुमाराला गेडिस हिंदुस्थानात गावोगाव पायी फिरत होता. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापकही झाला. शहर सुधारायचं तर आधी ते चालून पाहा, लोकांशी बोला आणि जुनं शक्य तेवढं राखा, असं त्याचं म्हणणं. रस्ता रुंद करायचा म्हणून अख्खी आळी पाडणाऱ्या इंजिनिअरांना तो फारसा आवडत नसे, यात नवल नाही.

होळकर दरबाराने त्याला इंदूरला बोलावलं. शहरात प्लेग होता. गेडिसने काय करावं? दिवाळीची मिरवणूक ताब्यात घेतली. जाहीर केलं की मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातली घरं आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील, त्या वाटेने जाईल. झालं! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून इंदूरकरांनी शहर घासून काढलं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि शेवटी एक नवीन देवी, इंदूर नगरी. तिच्या हातात निशाण आणि निशाणावर शहराचा आराखडा! ज्या काळात नकाशा साहेबाच्या खणात कुलपाखाली असे, त्या काळात या गृहस्थाने तो देवीच्या हाती देऊन रस्त्यातून मिरवला. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजही कुठल्या गावाने आराखड्याची मिरवणूक काढली तर मी लेझीम घेऊन पुढे नाचायला तयार आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि त्याच्या जागी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. आज चालतो तो हाच. त्याची पद्धत अशी: आधी सध्या जमीन कशी वापरली जाते त्याचा नकाशा करायचा, मग पुढच्या वीस वर्षांचा आराखडा आखायचा, तो प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना मागवायच्या, नियोजन समितीने सुनावणी घ्यायची आणि शेवटी सरकारने मंजूर करायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. पण लोकांची पाळी येते ती चित्र रंगवून झाल्यावर. जेवण तयार झाल्यावर यजमानाने 'भाजी कोणती करू?' असं विचारावं, तशातला प्रकार. मग पाहुणा दुसरं काय करणार? नाक मुरडणार.

आणि लोक नाकं मुरडतात तीही हजारांनी. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. मुंबईचा आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत आला आणि इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला सांगितला. पुणे महानगर प्रदेशाच्या २०२१ च्या प्रारूप आराखड्यात आमचं मावळही होतं. त्याच्यावर ६५ हजारांवर अर्ज पडले आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. (मामांच्या खाचराची गोष्ट या मोठ्या आराखड्यांतली नव्हे, ती त्यांच्या मानाने चिल्लर.) गोव्यात तर २००७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून अख्खा प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावला. पुढचा करताना गावागावांचे नकाशे ग्रामसभांपुढे ठेवले गेले. तोही पुढे लटकला ही गोष्ट वेगळी. पण कागदाआधी माणसं, हा महजराचा जुना क्रम निदान कोणाला तरी आठवला.

न विचारण्याची किंमत काय असते, हे मावळाला चांगलं माहीत आहे. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेला इथल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्यावर विनोद करता येत नाही. त्या दिवसाबद्दल मामा कधी बोलतही नाहीत. फक्त द्रुतगती मार्गाने जाताना ते ठिकाण आलं की डोक्यावरची टोपी काढतात.

असो. अर्ज लिहायला बसलो. आता घरातच दोन पक्ष पडले. सुरेशचं म्हणणं, पिवळं झालंय ना, मग गप्प बसा. ओढा नकाशावर आला की काठाची जागा बांधकामाला मिळणार नाही. म्हणजे आपणच आपलं सोनं कापून द्यायचं. मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न, सगळे हिशेब त्याने बोटांवर मांडले. त्याचं काही चुकत होतं असं मला वाटेना. खाचरात इंद्रायणी पिकवून कोणाचं लग्न होत नाही, निदान अलीकडे होत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोनूबाईच्या घरात पानी शिरलं तवा तू व्हतास का?"

सुरेश खाली बघू लागला. ती गोष्ट मलाही माहीत होती. वरच्या अंगाला कोणीतरी बंगल्याची भिंत ओढ्यात घेतली होती. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तिथून सुटलेलं पाणी भिंत बघून थांबत नाही. ओढा मुकाट्याने वळला आणि मध्यरात्री खालच्या आळीत शिरला. सोनूबाईला मामांनी पाठीवर घेऊन बाहेर काढलं. तिच्या दोन शेळ्या गेल्या. "खाचर हाय म्हनून पानी जिरतंय," मामा म्हणाले. "भात काय, दुय्यम हाय."

सुनावणीला मी बरोबर गेलो. मामींनी साहेबांसाठी पाच किलो तांदूळ बांधून दिले होते. मामांनी पिशवी परत पाठवली. "सूचना फुकट द्यायची आसती," म्हणाले.

आमच्या आधी बरीच माणसं होती. एकाचं म्हणणं, माझ्या प्लॉटमधून दाखवलेला रस्ता शेजाऱ्याच्या प्लॉटमधून न्यावा. त्याच्या मागे शेजारीच उभा होता. त्याचं म्हणणं, तो रस्ता आहे तिथेच अगदी योग्य आहे. तासाभरात तो रस्ता चार वेळा इकडून तिकडे गेला. क्रीडांगण प्रत्येकाला हवं होतं, पण दुसऱ्याच्या जमिनीत. स्मशानाला कोणाचीच हरकत नव्हती. ते फक्त दिसता कामा नये. मला हसू येत होतं. मग लक्षात आलं, माझी जमीन असती तर मीही याच रांगेत असतो आणि माझा आवाज सर्वांत मोठा असता. माणसाला शेवटी आणि एकट्याला विचारलं की तो स्वतःपुरतंच बोलतो. सगळ्यांना आधी आणि एकत्र विचारलं असतं, तर तो रस्ता कुठून जावा हे त्या दोघा शेजाऱ्यांनीच चहा पिता पिता ठरवलं असतं.

मामांचं नाव पुकारलं गेलं.

"आजोबा, तुमची हरकत काय?" समितीतल्या एका गृहस्थांनी मान वर न करता विचारलं.

"माजी हरकत न्हाई."

आता मान वर झाली. "मग आलात कशाला?"

"सूचना हाय."

समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हरकती व सूचना या जोडशब्दातल्या दुसऱ्या शब्दाची त्यांना दिवसभरात बहुधा पहिल्यांदाच आठवण झाली असावी.

"खाचर पिवळं झालं, माजा फायदाच हाय. पोरगं खूश हाय," मामा म्हणाले. "पर वढा ऱ्हायलाय. तुमी उन्हाळ्यात आला आसाल, तवा त्यो आसतो कुटं? जुलैत या. मी दावतो. त्यो काय कागद वाचत न्हाई, सायेब. त्यो आपल्या वाटनं येनार."

अर्जावर शेरा पडला: 'स्थळपाहणी करावी'. असे शेरे कागदावरच राहतात, हे मला पुण्यात राहून माहीत आहे. मी मामांना तसं बसस्टँडवर सांगितलंही. त्यांनी शेंगदाण्याची चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली. मी गप्प बसावं म्हणून ते लहानपणीही हेच करत.

पण जुलैत एक तरुण मुलगा खरंच आला. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा, पायात पांढरे बूट. ते बूट पाहून मला त्याची दया आली. पाऊस कोसळत होता. खाचरात लावणी चालली होती. मामा डोक्यावर इरलं घेऊन पुढे, मागे तो मुलगा, त्याच्या मागे मी छत्री सावरत आणि सर्वांत मागे, कोणी बोलावलं नसताना, सुरेश. गुडघाभर पाण्यातून मामा ओढ्याच्या काठाकाठाने वरून खालपर्यंत चालत गेले. मध्येच थांबून काठीने दाखवायचे: इथं वळतो, इथं पसरतो, इथून सोनूबाईच्या दारात जातो. वाटेत मी दोनदा पडलो. महजर लिहिणाऱ्यांनी असल्या गोष्टी नोंदवल्या नाहीत, पण शीव चालताना तेव्हाही एखादा भाचा पडतच असणार.

खाली पुलाशी आल्यावर त्या मुलाने सुरेशच्या पाठीवर नकाशा टेकवला आणि एक बारीक, वाकडी रेघ ओढली. सुरेश वाकून उभा होता. त्याच्या पाठीवरून, त्याच्याच सोन्यातून, ओढा वाहत गेला. तो काही बोलला नाही. मामा पुढे होऊन रेघ निरखू लागले.

"पेनशिलीनं का रं काढलास?" त्यांनी विचारलं. "पावसात पुसंल की."

"आजोबा, आधी पेन्सिलच असते," तो मुलगा म्हणाला. "मग वर समिती बघते, मग शाई."

मामांनी थोडा विचार केला. अंगावरचं इरलं काढून त्यांनी त्या नकाशावर धरलं आणि स्वतः पावसात उभे राहिले.

"चला मग घरला," म्हणाले. "आदी हे वाळवू. भात खाऊन जा."